झाकण मिटलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरते तेव्हा

रात्री साडेदहाला झाकण मिटताना ८५ टक्के असलेली बॅटरी सकाळी साडेसहाला ५७ टक्क्यांवर आलेली दिसली, की बहुतेकांच्या तोंडून एकच निदान निघते: बॅटरी गेली. माझ्या वडिलांच्या लॅपटॉपच्या बाबतीत आम्हीही तसेच समजून, दुरुस्तीच्या दुकानात सांगितले त्यावर विश्वास ठेवून, नवी बॅटरी बसवून घेतली आणि तिसऱ्याच रात्री ती नवी बॅटरीही तेवढीच उतरली. दोष बॅटरीत नव्हता. झाकण मिटल्यावरही यंत्र आतून जागे राहत होते. म्हणून मोजमाप केल्याशिवाय बॅटरी बदलू नये, एवढे एक सांगणे मी आरंभीच आग्रहाने मांडतो. पुढील मजकूर ते मोजमाप कसे करावे आणि त्यातून काय ओळखावे याविषयी आहे. उदाहरणे मुख्यतः विंडोज १० व ११ मधील आहेत. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी त्या त्या ठिकाणी उल्लेख केला आहे.

टक्केवारीपेक्षा वॅट-तास पाहावेत

टक्के हे परिमाण फसवे आहे, कारण ते कशाचे टक्के हे त्यात दिसत नाही. बॅटरीत किती ऊर्जा मावते हे वॅट-तासांत मोजतात. बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि ४,४०० मिलीअँपिअर-तास असे छापले असेल, तर त्या दोहोंच्या गुणाकाराने सुमारे ५० वॅट-तास होतात. आता वरचा हिशेब पुन्हा करून पाहू. आठ तासांत २८ टक्के, म्हणजे ५० पैकी १४ वॅट-तास गेले. आठाने भागले की दर तासाला पावणेदोन वॅट-तासांची, म्हणजे सतत पावणेदोन वॅटची, गळती निघते. नीट झोपलेल्या लॅपटॉपला स्मरणातला मजकूर टिकवून ठेवण्यासाठी याच्या कितीतरी कमी, अर्ध्या वॅटच्या आतबाहेर, वीज पुरते. म्हणजे येथे काहीतरी चालू राहिले आहे, एवढे केवळ गुणाकार-भागाकारावरून कळले.

पुढची पायरी बॅटरीच्या प्रकृतीची. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत सी, एम, डी ही इंग्रजी अक्षरे टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि तेथे ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत द्यावी. पॉवर या शब्दाला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरे, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडूनच बॅटरीरिपोर्ट हा जोडशब्द, असे तिचे लेखन आहे. एंटर दाबताच अहवालाची फाइल कुठे साठवली तो मार्ग पडद्यावर दिसतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यातील दोन आकडे महत्त्वाचे: ‘डिझाइन कपॅसिटी’, म्हणजे कारखान्यातून निघतानाची धारणक्षमता, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’, म्हणजे आज पूर्ण भरल्यावर प्रत्यक्षात मावणारी ऊर्जा. पहिला आकडा ५०,००० मिलीवॅट-तास आणि दुसरा ४१,००० असेल, तर बॅटरीत ८२ टक्के दम शिल्लक आहे आणि दोन-तीन वर्षे वापरलेल्या यंत्राला ते शोभणारे आहे. दुसरा आकडा ३०,००० च्याही खाली गेला असेल, तर बॅटरी खरोखर थकली आहे आणि तिच्याकडून पूर्वीच्या तासांची अपेक्षा ठेवता येणार नाही. हा आकडा आठवड्यागणिक थोडा वरखाली होतो, त्यावरून घाबरू नये.

त्याच अहवालात ‘सायकल काउंट’ दिसते. एक सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे. आज निम्मी आणि उद्या निम्मी बॅटरी वापरली, तर दोन दिवस मिळून एक सायकल होते. काही यंत्रे हा आकडा कळवतच नाहीत आणि तेथे शून्य किंवा नुसती रेघ दिसते. मॅकमध्ये हीच माहिती सिस्टीम इन्फर्मेशनमधील पॉवर या भागात मिळते आणि अलीकडच्या मॅकबुकांसाठी ॲपलने १,००० सायकलींची मर्यादा दिली आहे. लिनक्सवर ‘यूपॉवर’ ही आज्ञा पूर्ण क्षमता आणि मूळ क्षमता दोन्ही दाखवते.

तीन रात्रींची परीक्षा

बॅटरीची क्षमता समाधानकारक असूनही रात्रीत ती उतरत असेल, तर दोष शोधण्याची माझ्या मते सर्वांत खात्रीची पद्धत तीन रात्रींची आहे. तिला कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, एक कागद आणि पेन्सिल पुरे. पहिल्या रात्री चार्जर काढून, सगळ्या यूएसबी वस्तू काढून घेऊन, नेहमीप्रमाणे स्लीपमध्ये लॅपटॉप ठेवावा. दुसऱ्या रात्री हायबरनेट करावा, म्हणजे उघडे काम डिस्कवर लिहून यंत्र बंद होईल असा पर्याय निवडावा (तो दिसत नसेल तर काय करावे ते पुढे दिले आहे). तिसऱ्या रात्री शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउनवर क्लिक करावे. प्रत्येक रात्री ठेवतानाची आणि उघडतानाची वेळ व टक्केवारी लिहून ठेवावी आणि सुरुवातीची टक्केवारी तिन्ही वेळा जवळपास सारखी, साधारण ८० च्या आसपास, असावी.

तिसऱ्या रात्री शिफ्ट कळ का, हे समजून घेणे आवश्यक आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना शटडाउन केले, तरी प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उचलला जातो. एरवी यात अडचण नसते, पण एखाद्या उपकरणाचे ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम, या अर्धवट निरोपाने नीट बंद होत नाहीत आणि बिघडलेली अवस्था दिवसेंदिवस पुढे चालत राहते. शिफ्ट दाबून केलेले शटडाउन मात्र पूर्ण असते. रीस्टार्टही पूर्ण असते, म्हणूनच ‘रोज बंद करतो’ म्हणणाऱ्याचा लॅपटॉप कित्येकदा नुसत्या रीस्टार्टने सुधारतो.

आता निकाल वाचू. स्लीपच्या रात्री २५ टक्के गेले आणि उरलेल्या दोन्ही रात्री एखादाच टक्का गेला, तर दोष झोपेत आहे. हेच सर्वाधिक आढळते आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तिन्ही रात्री सारखीच घट झाली, तर यंत्र पूर्ण बंद असतानाही वीज कुठेतरी जाते आहे. स्वस्थ पडलेली लिथियम-आयन बॅटरी आपोआप उतरते ती महिन्याला काही टक्के. एका रात्रीत १० टक्के हे तिच्या स्वभावात बसत नाही.

झोप लागत का नाही

जुन्या लॅपटॉपांत स्लीप म्हणजे तांत्रिक भाषेत ‘एस ३’ अवस्था होती. तीत प्रोसेसर, डिस्क, वायफाय सगळे थांबत असे आणि फक्त रॅमला, म्हणजे तात्पुरत्या स्मरणाला, किंचित वीज मिळत असे. गेल्या काही वर्षांतील बऱ्याच लॅपटॉपांत तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले आहे, तांत्रिक नाव ‘एस ०’. यात लॅपटॉप मोबाइलसारखा वागतो: पडदा काळा होतो, पण यंत्र मधूनमधून जागे होऊन मेल पाहते, अपडेट तपासते आणि पुन्हा निजते. कल्पना वाईट नाही. झाकण उघडताच यंत्र तयार असते. मात्र एखादा जुना ड्रायव्हर किंवा हट्टी प्रोग्रॅम यंत्राला खोल झोपेत जाऊच देत नाही आणि मग बॅगेतला लॅपटॉप तापतो, पंखा फिरू लागतो आणि प्रवासाच्या शेवटी बॅटरी शून्यावर आलेली असते. बॅगेतून काढलेला लॅपटॉप हाताला गरम लागणे ही या दोषाची सर्वांत सोपी खूण आहे.

आपल्या यंत्रात कोणती पद्धत आहे हे ‘पॉवरसीएफजी /ए’ या आज्ञेने कळते. उत्तरात एस ३ उपलब्ध आहे की एस ०, हे स्पष्ट लिहिलेले असते. एस ० असेल, तर पुढची आज्ञा ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’. तिच्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. हा अहवाल गेल्या काही दिवसांतील प्रत्येक झोपेचा हिशेब देतो: किती वेळ, किती ऊर्जा गेली, आणि ‘ड्रिप्स’ या नावाखाली एकूण काळापैकी किती टक्के यंत्र खरोखर गाढ झोपेत होते. हा आकडा नव्वदीत असेल, तर झोप उत्तम लागली. दहा-वीस टक्क्यांवर असेल, तर रात्रभर नुसती कूस बदलणे झाले. त्या नोंदीवर क्लिक केल्यावर खाली ‘टॉप ऑफेंडर्स’ अशी यादी येते आणि झोपमोड करणारे घटक तेथे नावानिशी दिसतात. वायफायचे कार्ड, आवाजाचा ड्रायव्हर, ब्लूटूथ, ग्राफिक्स किंवा एखादे यूएसबी उपकरण, यांपैकी काहीतरी तेथे सापडण्याची शक्यता अधिक. नाव सापडले, की त्या उपकरणाचा ताजा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा क्रमांक टाकून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अपडेट’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी भलताच ड्रायव्हर बसवून ठेवला, तर मूळ दोष सापडणे आणखी अवघड होते. बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारी मूळ प्रणाली, तिचे अपडेटही याच वेळी तपासावे, कारण झोपेशी संबंधित दुरुस्त्या पुष्कळदा त्यातून येतात.

एस ३ असलेल्या यंत्रात प्रश्न थोडा निराळा असतो. तेथे यंत्र झोपते, पण कोणीतरी त्याला उठवते. ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ ही आज्ञा शेवटचे कोणी उठवले ते सांगते आणि ‘पॉवरसीएफजी /वेकटायमर्स’ ही पुढे कोणी गजर लावून ठेवला आहे ते सांगते. बिनतारी माउसचा रिसीव्हर पोर्टमध्येच ठेवून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि माउसही चालूच राहिला, तर बसच्या प्रत्येक धक्क्यासरशी माउस हलतो आणि लॅपटॉप उठतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउस व नेटवर्क कार्ड यांच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा भाग असतो; तेथील संगणकाला जागे करण्याच्या परवानगीची खूण काढून टाकावी.

इतके करूनही झोप सुधारली नाही, तर मी सरळ हायबरनेटचा मार्ग सुचवतो. हायबरनेटमध्ये रॅममधील सगळा मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि यंत्र बंद होते. उघडलेल्या फाइली जशाच्या तशा परत मिळतात आणि दरम्यान वीज जवळजवळ लागत नाही. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, पण एसएसडी असलेल्या यंत्रात ते जाणवतही नाहीत. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट क्लोझिंग द लिड डझ’ येथे जाऊन बॅटरीवर असताना झाकण मिटल्यास हायबरनेट व्हावे, असे ठरवता येते. हायबरनेटचा पर्यायच दिसत नसेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ अशी आज्ञा द्यावी. वडिलांच्या लॅपटॉपवर अखेर हाच उपाय लागू पडला. शिवाय प्रवासाला निघताना आधी चार्जर काढावा, मग झाकण मिटावे, ही सवयही चांगली. वीज जोडलेली असताना झोपवलेले यंत्र चार्जर काढल्यावरही काही वेळा आधीच्याच सैल नियमांनी वागत राहते.

मॅकवर टर्मिनलमध्ये ‘पीएमसेट’ ही आज्ञा, मग एक जागा सोडून आडवी रेघ व तिला चिकटून जी हे अक्षर, पुन्हा एक जागा सोडून असर्शन्स हा शब्द, अशी इंग्रजी लिपीत दिली, म्हणजे झोप अडवून धरणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी मिळते.

पूर्ण बंद असूनही उतरत असेल, तर

तिसऱ्या रात्रीचा निकाल वाईट आला असेल, तर बायोसमध्ये पाहावे. लॅपटॉप बंद असतानाही मोबाइल चार्ज करता यावा म्हणून काही पोर्टांना सतत वीज देण्याची सोय असते. डेलमध्ये तिला पॉवरशेअर म्हणतात, लेनोवोमध्ये ऑलवेज ऑन यूएसबी. ती बंद करावी. ‘वेक ऑन लॅन’ ही दुसरी सोय, जिच्यामुळे नेटवर्क कार्ड बंद यंत्रातही जागे राहते; कार्यालयातील संगणकांना ती लागते, घरच्या लॅपटॉपला क्वचितच. दोन्ही बंद करूनही घट तशीच राहिली, तर मदरबोर्डवरील गळती किंवा बॅटरीतील एखादा सदोष सेल, एवढेच उरते. बाहेर काढता येणारी बॅटरी असेल, तर ती काढून रात्रभर बाजूला ठेवावी आणि सकाळी बसवून पाहावी: तरीही उतरली तर दोष बॅटरीचा, नाही उतरली तर बोर्डाचा. आत बसवलेल्या बॅटरीच्या काही यंत्रांत बॅटरीची जोडणी तात्पुरती तोडण्याची सोय बायोसमध्येच असते, तिने हीच परीक्षा यंत्र न उघडता होते. एवढी माहिती घेऊन दुरुस्तीला गेलेला ग्राहक निम्मे निदान स्वतःच घेऊन गेलेला असतो.

काम करताना लवकर उतरणे

ही तक्रार तुलनेने सोपी आहे. एका तासात ४० टक्के गेले आणि बॅटरी ४५ वॅट-तासांची असेल, तर यंत्र १८ वॅट खात आहे. साध्या पातळ लॅपटॉपवर लेखन-वाचनाचे काम चालू असताना ५ ते ८ वॅट पुरतात, तेव्हा १० वॅट कोण खाते ते शोधायचे. टास्क मॅनेजरमध्ये ‘पॉवर युसेज’ हा स्तंभ उघडून, सगळे प्रोग्रॅम बंद करून, दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फाइलींची अनुक्रमणिका नव्याने तयार होत असते आणि अँटिव्हायरसची तपासणी चालू असते. ती आपोआप थांबते. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात, फाइली चढवणारा प्रोग्रॅम एखाद्या फाइलीवर अडकून तीच तीच पाठवत बसतो, तो मात्र थांबत नाही. ब्राउझरमध्ये उघड्या राहिलेल्या पानांवर आपोआप चालणारे व्हिडिओ हेही नेहमीचे कारण. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात एखादा क्षुल्लक प्रोग्रॅम ते कार्ड जागे ठेवतो आणि तेवढ्याने बॅटरीचे तास निम्म्यावर येऊ शकतात. ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये त्या प्रोग्रॅमसाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडावे. पडद्याची उजळता कमी करणे आणि त्यावरील चित्र ताजे होण्याचा वेग (रिफ्रेश रेट) १२० हर्ट्झऐवजी ६० हर्ट्झ ठेवणे, हे दोन बदल तर लगेच करता येतात. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील एनर्जी आणि लिनक्सवर पॉवरटॉप ही त्याच कामाची साधने.

टक्केवारीच खोटी असेल तेव्हा

३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो आणि चार्जर लावून सुरू केल्यावर ४ टक्के दाखवतो, असे होत असेल, तर दोन शक्यता आहेत. पहिली, बॅटरीतील मापकाचा अंदाज चुकला आहे. दुसरी, सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे, त्यामुळे जरा भार पडताच व्होल्टेज कोसळते. मापक ठिकाणावर आणण्यासाठी बॅटरी १०० टक्के भरून आणखी दोन तास चार्जर तसाच ठेवावा, मग चार्जर काढून यंत्र आपणहून हायबरनेट होईपर्यंत वापरावे, काही तास तसेच ठेवून पुन्हा न थांबता पूर्ण भरावे. यानंतरही उडी मारणे थांबले नाही, तर सेल थकले आहेत आणि बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. हा प्रयोग मापक चुकले तेव्हाच करावा. बॅटरी दर वेळी पूर्ण संपवून मगच भरावी हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला त्याने अपायच होतो.

चार्जर जोडलेला असूनही टक्के उतरत असतील, तर चार्जरवरील वॅट वाचावेत. ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला मोबाइलचा २० वॅटचा टाइप-सी चार्जर लावला, तर तूट बॅटरीतून भरून निघते. याउलट ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबणे हा बिघाड नव्हे. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून कंपन्यांनीच दिलेली ती मर्यादा असते आणि सतत चार्जरवर काम करणाऱ्यांनी ती चालूच ठेवावी, असे माझे मत आहे.

उष्णता, फुगलेली बॅटरी आणि बदल

लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्णता सोसवत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत १०० टक्के भरलेला लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. सुट्टीत लॅपटॉप महिनाभर पडून राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरून, यंत्र पूर्ण बंद करून, घरातील थंड जागी ठेवावे.

टचपॅड वर उचललेले दिसणे, त्याचे क्लिक जड होणे, झाकण नीट न मिटणे किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे, यांपैकी काही दिसले तर वरील सगळ्या परीक्षा बाजूला ठेवाव्यात. बॅटरी फुगली आहे. यंत्र लगेच बंद करून चार्जर काढावा, पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये आणि ती काढण्याचे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे.

नवी बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरील भाग क्रमांक आणि व्होल्टेज जुळवून पाहावे, आणि भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण व आयएस १६०४६ हा क्रमांक तिच्यावर छापलेला आहे ना, हे तपासावे. बसवून पूर्ण चार्ज झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वीच बॅटरीरिपोर्ट पुन्हा काढावा: सायकलींचा आकडा शून्याजवळ आणि पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या जवळ असायला हवी. नव्या म्हणून विकलेल्या बॅटरीत १५० सायकली दिसल्या, तर ती परत करण्याची तीच वेळ असते. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावी आणि नेताना तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.